तोफेवरचा नवरा

नवरे रिटायर झाले तशा आमच्या कॉलनीतल्या बायका काशी करून आल्या, रामेश्वर करून आल्या, एक तर नेपाळला जाऊन रुद्राक्ष घेऊन आली. मी लढाऊ बोटी बघून आले. एक नाही, पाच. मुंबईला तीन, कोचीनला एक, विशाखापट्टणमला एक. देवाला फुलं वाहायच्या वयात मी दशम्यांचा डबा काखेला मारून तोफांना प्रदक्षिणा घालत होते.

आमचे हे पाटबंधारे खात्यात कारकून होते. पंच्याहत्तर साली सुटले. पण ती नंतरची नोकरी. त्याआधी महायुद्धात हे तीन वर्षं इंग्रजांच्या आरमारात होते, बोटीवर, आणि बोटीवरही तोफेवर. माझ्या वडिलांनी मला ह्यांच्या घरात दिलं ते त्या एका शब्दावर. जमीन दीड एकर, तीही कोरडवाहू. पण मुलगा तोफेवर होता ना! लग्नात माझ्या मावश्या ह्यांच्या हातांकडे वाकून वाकून बघत होत्या.

आता तोफेवरचा माणूस घरात काय काम करणार? लग्नाला बत्तीस वर्षं झाली तरी ह्यांनी स्वयंपाकघरात कधी भांडं हलवलं नाही. मी बाळंतीण असताना शेजारीण येऊन भाकऱ्या टाकून जायची आणि हे ओसरीवर पेपर वाचत बसायचे. "मला त्यातलं काही कळत नाही बुवा," म्हणायचे, आणि सूर असा, की न कळणं ही जशी काही पदवीच!

बोटींवर ह्यांचा एक ठरलेला कार्यक्रम असायचा. डिसेंबरात आरमाराच्या बोटी लोकांना बघायला खुल्या ठेवतात, तेव्हा आम्ही हजर. वर गेल्या गेल्या हे तोफेपाशी जाऊन उभे राहायचे आणि जमलेल्या लोकांना युद्ध सांगायचे. मी डेकच्या कडेला सावली शोधायची. "खाली जाऊन बघू या का, माणसं राहतात कुठं, जेवतात कुठं?" असं मी कोचीनला विचारलं, तर म्हणाले, "खाली काय बघायचंय? स्वयंपाकघर कुठलंही सारखंच." मी म्हटलं, तुम्हाला हो काय ठाऊक! तर पुन्हा तोफेकडे वळले.

अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीत माझं उजवं मनगट धरलं. फराळाचं करून करून सुजलं ते उतरेचना. डॉक्टर म्हणाले, "सहा महिने कणीक मळायची नाही, लाटणं हातात धरायचं नाही. ऐकलं नाहीत तर बोटं वाकडी होतील, ती कायमची." मुलगा सुरगाण्याला मास्तर, मुलगी येवल्याला दिलेली. घरात आम्ही दोन म्हातारी. मग चपात्यांना बाई लावायची ठरली.

पहिल्या बाईची चपाती ह्यांनी उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, कडा कच्च्या आहेत. दुसरीला म्हणाले, कणीक भिजू देत नाहीस, घाई करतेस. तिसरी पंचवटीतून यायची, तिच्या हाताचं सगळी गल्ली नाव काढायची. तिची चपाती ह्यांनी खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, "जाडी एकसारखी नाही." त्या बाईनं लाटणं पोळपाटावर आपटलं, म्हणाली, "मग तुम्हीच लाटा, काका!" आणि चपला घालून चालती झाली. मला ते बोलणं फार आवडलं होतं, पण बाई गेली त्याचं काय?

पुन्हा मीच ओट्याशी. पट्टी बांधून लाटायला घेतलं की कळ थेट खांद्यापर्यंत जायची. कधी कधी लाटणं हातातून सुटायचं. मला खरंच भीती बसली होती. हात गेला तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू? हे समोर बसून मुकाट्यानं जेवायचे, माझ्या पट्टीकडे बघायचे, मान खाली घालायचे. पण उठून साधा तवा तापवला असेल तर शपथ.

अशात पेपरात आलं, की ह्यांची ती जुनी बोट, एका नदीचं नाव असलेली, आता भंगारात निघणार आणि त्याआधी शेवटची लोकांना बघायला मिळणार. ह्यांनी तो पेपर दिवसभर हातातून सोडला नाही. मी स्पष्ट सांगितलं, मला जमायचं नाही, हात ठणकतोय. तर म्हणाले, "तू नाही आलीस तर मी दाखवू कुणाला?" झालं. विरघळले मी. सीबीएस स्टँडवरून पहाटेची मुंबईची एस.टी. धरली आणि गेलो.

बोट तशी लहानच निघाली. रंगावर रंग चढवून जाडजूड झालेली. हे शिडी चढले, वर पोचले आणि पहिल्याच लोखंडी तुळईला डोकं आपटून घेतलं. तोफेकडे वळले तिथं दुसऱ्यांदा. मी म्हटलं, "अहो, तुमचीच ना ही बोट?" तर म्हणाले, तेव्हा टोपी होती.

तोफेपाशी दहा-बारा माणसं होती आणि एक तरुण अधिकारी. ह्यांनी घसा खाकरून सुरुवात केली. लाटा, धूर, जपानी विमान, सगळं झालं. त्या अधिकाऱ्यानं फार अदबीनं ऐकून घेतलं आणि हिंदीत विचारलं, काका, तेव्हा गोळा कुठल्या बाजूनं भरायचे? हे म्हणाले, "तेव्हाची पद्धत वेगळी होती." तो म्हणाला, असेल, कारण ही तोफ लढाईनंतर बसवलेली आहे. लोक पुढे सरकले. हे तिथंच उभे, एक हात तोफेवर ठेवून. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. मी म्हटलं, मला तहान लागली, आणि एका खलाशाला पाणी विचारलं. तो म्हणाला, खाली गॅलीत मिळेल. गॅली म्हणजे बोटीवरचं स्वयंपाकघर.

"नको!" हे एवढ्या जोरात ओरडले, की दोन माणसांनी वळून बघितलं. मी म्हटलं, नको कसं? घसा कोरडा पडलाय माझा. आणि निघाले.

आता ती शिडी म्हणजे उभी भिंतच. एका हातात लुगड्याच्या निऱ्या, दुसरा हात पट्टीत. तिसरा हात देवानं दिला नाही. शेवटी ह्यांनाच पुढे व्हावं लागलं. हे सरसर उतरले आणि मला खालून धरून उतरवलं. वरच्या उन्हातून आल्यामुळे मला काही म्हणता काही दिसेना. हे पुढे, मी मागे. आणि ऐकते काय, "डोकं खाली घे, इथं पाइप आहे. आता पाय उचल, उंबरा आहे. डावीकडे. पुन्हा पाइप." त्या अंधारात हे वाकत होते, पाय उचलत होते, वळत होते, आणि कशाला म्हणून कशाला आपटत नव्हते. वर दोनदा टेंगूळ आणलेला माणूस! हे कसं, ते मला तेव्हा उमगलं नाही.

गॅलीत चाळिशीचा एक मिशाळ आचारी चपात्या लाटत होता. त्यानं मला पाणी दिलं, बटाट्याच्या पोत्यावर बसवलं. हे दारात उभे. नजर कणकेवर. हाताची बोटं आपोआप उघडत होती, मिटत होती. थोडा वेळ दम धरला, मग राहवेना. म्हणाले, "पानी कम पड़ा है."

आचारी हसला. "तो आप करके दिखाओ, काका."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बाह्या सारल्या, कणकेला पाण्याचा हबका मारला आणि अशी मळली की मी पाणी प्यायची थांबले. मग दोन पाय फाकवून, कंबर टेबलाला टेकवून लाटायला घेतलं. बोट धक्क्याला बांधलेली, जागची हलत नव्हती. पण हे मात्र हळूहळू डुलत होते, समुद्र असल्यासारखे. एक लाटली, फेकली, दुसरी लाटली, फेकली. सगळ्या एकसारख्या, चंद्रासारख्या. कडा पातळ. आचाऱ्याला भाजायला उसंत मिळेना.

मी माझ्या पट्टीकडे बघितलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच! तीन बायका लावल्या, तीन घालवल्या, आणि कळसा बसलाय ओसरीवर पेपर वाचत.

ढीग झाला तसा आचाऱ्यानं विचारलं, "काका, आप कौन-सी ब्रांच में थे?"

ह्यांचे हात थांबले. चेहरा पांढरा पडला. तेव्हा कुठं माझ्याकडे बघितलं, आणि बघितलं ते असं, की माझ्या तोंडून भलतंच निघून गेलं. मी म्हटलं, "तोफ पे थे." आपल्या माणसाची झाकली मूठ परक्यासमोर कोण उघडील? आचाऱ्यानं चपात्यांच्या ढिगाकडे बघितलं, मिशीतल्या मिशीत हसला आणि ह्यांना कडक सलाम ठोकला.

परतीच्या गाडीत कसारा घाटापर्यंत मी राग आवरून धरला. घाटात तोंड सोडलं. मागच्या बाकावरच्या माणसांची करमणूक झाली असेल, होवो. "बत्तीस वर्षं! अहो, मी तापानं फणफणले असताना भाकरी थापली, तेव्हा तुम्हाला लाज नाही वाटली?"

"वाटली," हे म्हणाले. "रोज वाटायची."

मग हळूहळू बाहेर आलं. ह्यांची आई लहानपणीच गेली, घरात चुलीचं काम ह्यांच्याकडे. भरतीच्या साहेबानं विचारलं, काय येतं? बाकीची पोरं म्हणाली, कुस्ती येते. हे खरं बोलले आणि गॅलीत गेले. लढाई संपून गावी आले तर पारावर पहिला प्रश्न, "किती मारले?" चपात्या लाटून आलो म्हणायची छाती झाली नाही. म्हणाले, "मोजले नाहीत."

"आणि मग तुझे वडील आले," हे म्हणाले. "त्यांना तोफेवरचा जावई हवा होता. मग खरं कुठं बोलणार?"

मी म्हटलं, "त्या सेहेचाळीस साली खलाशांनी जेवण वाईट म्हणून बंड केलं ना मुंबईला? ते तुमच्याच हातचं खाऊन का?"

तेव्हा मात्र हे ताठ बसले. "मी आधीच सुटलो होतो. मी असतो तर बंड झालं नसतं."

दुसऱ्या दिवसापासून ह्यांनी स्वयंपाकघर घेतलं. खिडकी लावून, दाराला आतून कडी घालून. मी बाहेर बसून पेपर वाचायची. शेजारीण एकदा चपाती खाऊन म्हणाली, "पट्टी असूनही तुमचा हात किती मऊ हो!" मी म्हटलं, सवय. आणि खरं सांगायचं तर माझ्या चपात्यांपेक्षा ह्यांच्या चांगल्या व्हायच्या. त्याचंही मला दुःख झालं.

माझं मनगट होळीलाच बरं झालं. मी बोलले नाही. पट्टी मळली की धुवायची आणि पुन्हा बांधायची. वैशाख लागला, आंबे आले, तसं माझं मनच मला खायला लागलं. एका दुपारी जेवता जेवता म्हटलं, "अहो, माझा हात बरा आहे. केव्हाचा."

हे चपाती उलटत होते. म्हणाले, "ठाऊक आहे. महिन्यापूर्वी तू लोणच्याची बरणी उजव्या हातानं उतरवलीस."

"मग बोलला का नाहीत?"

ह्यांनी गॅस बारीक केला. "बोटीवर दीडशे माणसं जेवायची. भिंतीतल्या खिडकीतून थाळे भरून बाहेर जायचे, रिकामे आत यायचे. तीन वर्षांत मी एका माणसाला जेवताना पाहिलं नाही. तू समोर बसून खातेस."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धूर लागला म्हणावं, तर घरात गॅस. मी पट्टी सोडली, खाली ठेवली आणि ताट पुढे केलं.

"मग वाढा अजून एक."