सवयीची चूक

प्रोग्राम लिहिणाऱ्या काकूंइतकं डोकं खाणारं माणूस सदरमधल्या आमच्या ऑफिसात दुसरं नव्हतं. आमच्याकडे लाइटचं बटण दाबलं की कूलर चालू व्हायचा आणि कूलरचं दाबलं की लाइट. मिस्त्री दुरुस्तीला आला, तर काकूंनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. "साऱ्यायच्या हाताले सवय झाली हाय. चूक हाय, पण सवयीची हाय. राहू द्या." येणाऱ्या-जाणाऱ्याला बटणं समजावून सांगायचं काम मग माझ्या गळ्यात.

कामातही तोच हट्ट. कळमेश्वरच्या एका औषध कारखान्याची सगळी माहिती, इंटरनेटवर माहिती साठवून ठेवणाऱ्या एका क्लाउड कंपनीकडून दुसरीकडे हलवायची होती. पण कारखान्याच्या जुन्या प्रोग्रामला फक्त पहिल्या कंपनीची भाषा कळायची, आणि तो लिहिणारा कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून त्याला हात न लावता मधे दुसरा एक दुभाष्या प्रोग्राम बसवायचा होता. त्याने प्रश्न नव्या भाषेत विचारायचा आणि उत्तर जुन्या भाषेत आणून द्यायचं. आम्हा चौघांच्या कंपनीकडे तेवढंच एक काम होतं. ते गेलं असतं तर ऑफिसला कुलूप लागलं असतं.

आणि काकू त्या दुभाष्याला चुका शिकवत बसल्या! एखादी फाइल नसली तरी जुनी कंपनी "आहे, पण रिकामी" असं सांगायची. नवी सरळ "नाही" म्हणायची. काकूंनी ते "नाही" वाटेतच बदलून पुन्हा "आहे, पण रिकामी" करून टाकलं. सर, म्हणजे आमचे मालक, भडकले. पैसे घेऊन खोटं बोलणारी वस्तू विकायची का, असं त्यांनी विचारलं. मीही त्यांचीच री ओढली.

"त्या प्रोग्रामनं जलमात 'नाही' आयकलं नाही, सर," काकू म्हणाल्या. "बंद पडन तो."

चाचणीच्या दिवशी सरांनी ती चूक काढायला लावली. दुपारी कारखान्यातून फोन आला. प्रोग्राम बंद पडून लेबलं छापणं थांबलं होतं, माल तसाच पडून होता, आणि संध्याकाळपर्यंत सुरू झालं नाही तर काम दुसऱ्यांना देऊ म्हणत होते. सर काकूंच्या टेबलाकडे धावले. काकूंनी आधी आपला डबा संपवला. मला इतका राग कधीच आला नव्हता. मग त्यांनी चूक जागच्या जागी बसवली आणि लेबलं सुरू झाली. "मी सांगितलं होतं" असंही त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर निदान भांडता तरी आलं असतं.

मागच्या वर्षी काकू लेकीकडे रायपूरला राहायला गेल्या. सरांनी लगेच बटणं नीट करून घेतली. तेव्हापासून भर उन्हाळ्यात आम्ही सगळे कूलर लावायला जातो आणि लाइट लावून येतो. शेवटी मीच मिस्त्रीला पुन्हा बोलावलं.

"बरोबर हाय ते काहून बिघडवून राहिले, भाऊ?" त्याने विचारलं.

"बरोबर हाय गा, पण सवयीचं नाही," मी खेकसलो. आणि काकूंची एवढी आठवण आली की त्याच्याकडे पाठ करून मी कूलर लावायला गेलो. लाइट लागला.