तारामावशीची चावी

तारामावशी गाडी अनवाणी चालवायची. नऊवारीचा काष्टा घट्ट मारून सीटवर बसायची, चपला दाराच्या कप्प्यात खोचायची आणि मगच चावी फिरवायची. पहिल्यांदा तिच्या शेजारी बसले तेव्हा मी न राहवून विचारलंच. ती म्हणाली, "गाडी काय सांगतेय ते पायाला कळतं गो. चप्पल मधी आली की ऐकू येत न्हाय."

भिवंडीजवळ पूर्ण्याला तिच्या घराच्या माडीवर मी चार वर्षं भाड्याने राहिले. शेजारच्याच गोदामाच्या ऑफिसात नोकरीला होते. ते गोदाम मावशीच्या शेतावर उभं होतं. पूर्वी त्याच शेतातली भाजी डोक्यावर घेऊन ती भिवंडीच्या बाजारात बसायची. शेत भाड्याने गेलं आणि तिच्या हातांना काम उरलं नाही. मुलाने, नितीनने, गाडी घेतली तेव्हा पन्नाशी उलटलेली मावशी म्हणाली, "मना शिकव." नितीन हसला. तिने सरळ क्लास लावला, लायसन काढलं.

त्यानंतर गाडी नावाला नितीनची राहिली. कोणाची सून अडली, कोणाला दवाखान्यात न्यायचं, कोणाच्या हळदीला जायचं, की बायका मावशीच्या अंगणात हजर. पेट्रोलच्या पैशांचं कोणी काढलं की ती म्हणायची, "पाटीत भाजी वाहत होते, आता मानसं वाहते. ही बरी, वाटंत बोलतात तरी."

एकदा खारबावहून हळद उरकून आम्ही परतत होतो. मावशी चालवत होती, शेजारी नितीन, मागे नाना, म्हणजे मावशीचे चांगले धिप्पाड यजमान, नितीनची बायको आणि मी. रस्ता खड्ड्यांचा. मध्येच जळक्या रबराचा वास गाडीत भरला. सुनेने नाकाला पदर लावला. नितीन ओरडला, "आई, क्लच जाळलास! कितीदा सांगितलं, पाय ठेवून चालवू नको म्हणून!"

घरी आल्यावर त्याने चावी खिशात टाकली. "आता बस झालं. उद्या वाटंत पेटली तर कोण बघणार?"

मावशीने दाराच्या कप्प्यातून चपला काढून घातल्या आणि ती घरात गेली. पुढचे काही दिवस ती अंगणात पापड वाळत घालत बसायची. बायका यायच्या, तिच्या तोंडाकडे बघून परत जायच्या. नाना मला हळूच म्हणाले, "भांडली असती तर बरं होतं गो. ही गप बसलेली बगवत न्हाय."

मग एका रविवारी मी जिना उतरत होते, तर तिने हाक मारली. "गो, मी बाजारात जाते तवा वास आलाय कवा? तू तर दर शनवारी संगती असतेस."

मी आठवून पाहिलं. "नाही मावशी. कधीच नाही."

"तोच पाय, तोच क्लच. मग वास हळदीलाच कसा आला?"

ती उठून नितीनकडे गेली. "तू चालव. मी मागं बसते." नितीन कुरकुरला, पण निघाला. आम्ही दोघी मागे बसून गोदामांच्या रस्त्याने फेरी मारली. वास नाही. मावशीने अंगणात गाडी थांबवायला लावली, नानांना हाक मारली, शेजारच्या जनाबाईलाही मागे कोंबलं. परत तोच रस्ता. गतिरोधकावर मागचा भाग दबला, खर्र आवाज झाला. पुढचे दोनचार खड्डे गेले आणि तोच वास आला.

"आता क्लच कोनी जाळला रं?" मावशीने विचारलं. जनाबाई इतकी हसली की गाडी आणखी हलली.

मावशी मात्र हसली नाही. उतरून वाकली. आधी तिला वाटलं, सायलेन्सरला प्लॅस्टिकची पिशवी चिकटली असेल. तसं काही नव्हतं. मग ती एकेका चाकाजवळ नाक नेत फिरली आणि मागच्या उजव्या चाकापाशी थांबली. "हितं हाय."

नारपोलीला शकीलभाईंचं गॅरेज होतं. त्यांनी क्लच तपासला, गाडी जॅकवर उचलली, चाक काढलं. टायरची कड घासून गुळगुळीत झाली होती आणि वरच्या मडगार्डच्या आतलं प्लॅस्टिक वितळलं होतं. "मावशी, क्लच एकदम ठीक आहे," ते म्हणाले. "हे टायर या गाडीचे न्हायत, जास्त रुंद आहेत. मागं वजन आलं की गाडी बसते, टायर वर घासतो. फाटला असता तर मोठं काम होतं. किसने डाले?"

रुंद टायर नितीनने हळदीच्या थोडे दिवस आधीच बसवून घेतले होते. गाडी दिसायला भारी वाटावी म्हणून. तो गॅरेजच्या दाराशी उभा होता, मान खाली. आता मावशी काय बोलते म्हणून मी तिच्याकडे पाहिलं.

"दुकानवाल्यानं घातलं," ती म्हणाली. "आमाला कुठं कळतंय त्यातलं! जुनं टायर पडवीत हायत, तेच घाला."

जुने टायर बसले. परतताना नितीनने चावी तिच्यापुढे धरली. म्हणाला, "आई, मी तुला सगळ्यांपुढं बोललो."

"बोललास," मावशी म्हणाली. "आता बस बाजूला. जनाबाईच्या नातवाला डोस द्यायला न्यायचंय, चार दिस झालं थांबलीय ती."

गेल्या वर्षी मला पनवेलला नोकरी लागली. निघायच्या दिवशी मावशीनेच खारबाव स्टेशनला सोडलं. वाटेत ती सुक्या बोंबलांची चटणी कशी टिकवायची तेच सांगत राहिली. स्टेशनपाशी मी ओढणीने डोळे पुसू लागले. मागे एक टेम्पो हॉर्न वाजवत होता.

"उतर गो, मागं खोळंबा झालाय," ती म्हणाली. "रडायचं ते वर बाकड्यावर बसून रड. मना दोन बायका दवाखान्यात न्यायच्यात."

मी पिशव्या उतरवल्या. वळून बघते तर गाडी फाटकापर्यंत गेलीसुद्धा होती.