नोबली वागणारा सुनील

पंख्यावर धूळ साचते तसे अभ्यासिकेत किस्से साचतात. आमच्या आलापल्लीच्या अभ्यासिकेतले निम्मे सुनीलचे, आणि निम्मे माझ्या जळण्याचे!

इंग्रजी शिकवणारे आम्ही दोघे. मी चंद्रपूरहून आलेला एम.ए., तो इथलाच बी.ए. खोली एकच. पुढच्या महिन्यापासून कुणी शिकवायचं, हे पोरं ठरवणार होती. मला तो वर्ग हवाच होता.

*

एकदा मी फळ्यावर ‘नोबली’ लिहिलं. "म्हणजे उदात्तपणे. पण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ नुसता ‘ओळखीचा’. रोममध्ये ज्याचं घराणं सगळ्यांना माहीत, तो नोबल. मोठं मन मागाहून आलं."

पहिल्या बाकावरची संगीता म्हणाली, "म्हणजे सर, आधी फेमस व्हायचं, मंग चांगलं वागायचं?"

दारातून सुनील म्हणाला, "तुमचे सर दोन्हीची तयारी करून राह्यले!"

शब्द माझा, टाळ्या त्याला!

*

चहाच्या टपरीवरच्या बाई म्हणाल्या, "या सुनीलभाऊ! अन् हे कोण?"

"बाई, मी रोज येतो!"

"येत असान. सुनीलभाऊच्या मागं कोणी दिसत नाई."

*

मोहफुलं पडू लागली, तशी ती वेचायला सुनीलने वर्गाला सुट्टी दिली. मी तत्त्व म्हणून वर्ग घेतला. "परीक्षा काय मोह वेचून होईपर्यंत थांबणार आहे?" मी कडाडलो.

समोर फक्त बाकं होती.

*

त्यातच संगीताच्या वडिलांचा पाय मोडला. त्यांचा मोह वेचायला माणूस नाही हे कळताच मी पहाटेच जंगल गाठलं. सुनीलच्या आधी! ओढ्याजवळच्या झाडाखालचा पाला कुणीतरी आयताच झाडून ठेवलेला. टोपलीभर फुलं वेचली आणि संगीताच्या अंगणात नेऊन ठेवली.

तिथे सुनीलची आत्या बसली होती. "कोणत्या झाडाची?"

"ओढ्याजवळच्या."

"ते आमचं झाड हाय! पाला म्या झाडला. झाडलेल्या जागेले दुसरा हात लावत नाई, एवढं बी माहीत नाई तुम्हाले? चोरी हाय ही, सर!"

अंगणात माणसं जमली. तेवढ्यात सुनील आला. त्याने टोपलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आत्या, मीच सांगतलं त्याले. यंदा त्या झाडाचा मोह संगीताच्या घरी देऊ म्हणून."

दुसऱ्या दिवशी तो पोरांना म्हणाला, "इंग्रजी सरच शिकवतीन. मले लॅटिन येत नाई."

वर्ग मिळाला. असा! जळून कोळसा झाला माझा.

संध्याकाळी एकटाच टपरीवर गेलो. बाईंनी लगबगीने बाक पुसलं.

"या सर, बसा! मोहवाले सर ना तुम्ही?"