आई पुढच्या स्टेशनला गेली

रेणू, सोलापूर स्टेशनवर आपण दोघी गळ्यात पडून रडत होतो, तेव्हा तुझी आत्या, म्हणजे माझी आई, गाडीच्या दारातून मामीला ओरडून सांगत होती की दळण गिरणीतच राहिलंय, घेऊन जा. अख्ख्या फलाटाला कळलं. मला इतकी लाज वाटली की माझं रडूच थांबलं.

बाबांच्या नोकरीपायी सिंगापूरला आलो आणि पहिल्याच आठवड्यात मी आईला शिकवायला घेतलं. मेट्रोत मोठ्यानं बोलायचं नाही. फोन स्पीकरवर लावायचा नाही. बाहेर पडलो की तिचा फोन मी माझ्याच पर्समध्ये ठेवायचे. बिचारी घरातसुद्धा कुजबुजायला लागली. मला वाटलं, जमलं की!

रविवारी बाग बघायला निघालो. मी आणि बाबा उतरलो, दार लागलं, वळून बघतो तर आई काचेच्या आत. गाडी गेली. बाबांनी तिला फोन लावला. तो माझ्या पर्समध्ये वाजला. मागची गाडी आली तशी आम्ही दोघं तिच्यात घुसलो.

पुढच्या स्टेशनवर ती नव्हती. मला दरदरून घाम फुटला. भर गर्दीत मी "आई!" म्हणून बोंबलले. लोक वळून बघत होते, बघू देत.

त्याच्या पुढच्या स्टेशनवर आई बाकावर निवांत बसलेली, शेजारी एक तमिळ आजी. आईचं आपलं अक्कलकोटी कन्नड, त्यांचं तमिळ, दोघींचं झकास चाललेलं. मी तिला मिठीच मारली आणि विचारलं, हाक का नाही मारलीस?

"तूच म्हणालीस की, ओरडायचं नाही म्हणून. दारातली माणसं हलंनात. मी हळूच 'सरका' म्हणले, दोन्ही स्टेशनला. कुणाला ऐकूच गेलं नाही."

बाबा हसायला लागले. मला मात्र परत रडू आलं.

त्या आजींच्या सुनेला सातवा महिना होता, बांगड्या भरायचा कार्यक्रम होता. आईनं तेवढ्यात आम्हा तिघांचं आमंत्रण घेऊन ठेवलेलं. गेलो. तिथं एका बाईंनी मला घर कुठं म्हणून विचारलं. मी सोलापूर कुठं येतं ते हवेत नकाशा काढून दाखवत होते, तोवर आईनं चौदावा मजला, डाव्या हाताचं दार असं हातवारे करून, खणखणीत आवाजात सांगूनही टाकलं.

तू विचारलंस ना, तिथं घरासारखं वाटतं का? काल अकरा माणसं जेवायला आली. चपला लिफ्टपर्यंत गेल्या आणि भाकरी कमी पडल्या.

वाटतं गं.