खांब गावाचा, वायर कुणाचीही

त्या सकाळी मी यशवंतभाऊंना फोन लावला तो भांडायला. आमचं नेट बंद होतं, आणि कुसगावात नेट बंद पडलं की कंपनीच्या आधी भाऊंना फोन करायचा, ही सगळ्यांचीच खोड. फोन त्यांच्या लेकीनं, मंगलनं उचलला. "मावशी, आबा गेले... आत्ताच, चहा पिता पिता." माझ्या ओठावर वाक्य तयार होतं, "काय हो भाऊ, झोपा काढताय का?" ते गिळलं. महिना उलटला, अजून घशाखाली उतरलेलं नाही. आज आमच्या गावात ज्याला जी कंपनी हवी तिचं नेट घेता येतं, ते या माणसामुळे. आणि त्याला सगळ्यात जास्त विरोध कुणी केला असेल, तर मी.

आमची ओळख लोणावळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमधली. भाऊ मेकॅनिक, मी ऑपरेटर. तेव्हाची मी आठवले की मलाच हसू येतं... दोन वेण्या, कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड आणि डोक्यात हवा. "हॅलो" म्हणायचा सराव आरशासमोर करत असे. परगावी फोन जोडून मागणाऱ्यांच्या, म्हणजे ट्रंक कॉलच्या, चिठ्ठ्या माझ्यापुढे. माझ्या मर्जीनं लोणावळा बोलणार, नाहीतर गप्प बसणार, असा माझा समज. एकदा एका बंगलेवाल्या बाईंनी तीनदा गोड आवाजात विनवलं, आणि मी त्यांची चिठ्ठी वर सरकवली. एक्स्चेंजच्या बाकावर पवनेकडच्या खेड्यातले एक आजोबा मुलीच्या बाळंतपणाची खबर घ्यायला सकाळपासून बसलेले. बोर्ड तपासायला आलेल्या भाऊंनी ते पाहिलं आणि आजोबांची चिठ्ठी पुन्हा सगळ्यात वर ठेवली.

"बाई, आपुन फकस्त जोडायचं. कुणी आधी बोलायचं, ह्ये आपुन न्हाई ठरवायचं."

"तुम्ही कोण मला सांगणारे?"

"मी बोर्ड दुरुस्त करनारा. पर बोर्ड तर बरा हाय, म्हनून तुमाला सांगतोय."

आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात तरी आलं की नाही, देव जाणे.

पुढे बोर्ड गेला, आम्ही दोघंही निवृत्त झालो, आणि गावात ब्रॉडबँडची भाषा सुरू झाली. एका मोठ्या कंपनीचे साहेब ग्रामसभेत आले. शाळेला फुकट नेट, पंचायतीला फुकट नेट. बदल्यात गावच्या खांबांवर, चौकातल्या जोडणीच्या पेटीत आणि ते रस्त्याखाली टाकतील त्या नळीतून वायर जाईल ती फक्त त्यांचीच. मी उठून उभी राहिले. जुनी टेलिफोनवाली म्हणून मला मान! "एकच वायर असली की गाव कसं नीटनेटकं दिसेल," असं काहीतरी बोलले, टाळ्याही घेतल्या. तेव्हा मी साठीची, म्हणजे अक्कल यायचं वय केव्हाच उलटून गेलेलं.

मग मागून भाऊ उठले. "साहेब, उद्या मला दुसऱ्याचं नेट घ्यावं वाटलं, तर त्याची वायर ह्या नळीतनं जाईल का?"

"नळी आमची असणार ना काका!"

"व्हय, नळी तुमची. पर रस्ता कुनाचा? खांब कुनाचा?"

भाऊंनी ठरावात अट घालून घेतली... नळी आणि चौकातली जोडणीची पेटी येईल त्या कंपनीला खुली, सगळ्यांना एकाच दरानं, कुणाची वायर कुणी अडवायची नाही. साहेबांनी बॅग उचलली ते थेट गाडीत जाऊन बसले.

त्यानंतर कितीतरी महिने गावात धड नेट नाही. पोरं अभ्यासाला लोणावळ्यात जाऊन हॉटेलांच्या पायऱ्यांवर बसायची. "भाऊ, तुमची अट मोबाईलला लावून बघितली, रेंज न्हाई आली!" असे टोमणे. त्यातले निम्मे माझे. मंगलचं घरबसल्या करायचं काम हातचं गेलं, ती बापाशी बोलेना. भाऊ हलले नाहीत. तेवढ्यात दिल्लीच्या टेलिफोन-इंटरनेटच्या नियामक कार्यालयानं नव्या नियमांवर लोकांची मतं मागवली. भाऊंनी चार पानं लिहिली. जुन्या टेलिफोनला नियम होता, एका कंपनीचा फोन दुसरीकडे लागलाच पाहिजे. तांब्याची तार गेली म्हणून तो नियमही जायचा का? मी म्हटलं, "दिल्लीत कोण वाचणार तुमचं?"

"न्हाई वाचलं तर ऱ्हायलं. इचारलंय न्हवं? मग सांगाया नगं?"

ती पानं टाईप करायला मात्र मंगलच बसली. तिसऱ्या पानावर ती बापाशी बोलू लागली, तेही चुका काढायला.

शेवटी कामशेतची एक छोटी कंपनी अट मान्य करून आली, तिनं नळी टाकली, पेटी बसवली. मागून दुसरी. आणि मग, काय सांगू, ते बॅगवाले साहेबसुद्धा! गेल्या पावसाळ्यात एका कंपनीचं नेट चार दिवस झोपलं, तर अख्ख्या आळीनं एका दुपारी दुसऱ्या कंपनीचं नेट घेतलं. रस्त्यावर कुदळ पडली नाही, की मंगलचं नवं काम अडलं नाही. त्या दुपारी मी भाऊंना म्हटलं, "हरले बाबा." ते नुसते हसले. त्या हरण्याचा वाटला इतका अभिमान मला माझ्या स्वतःच्या नोकरीचाही कधी वाटला नाही.

चौकातली ती पेटी माझ्या खिडकीतून दिसते. भाऊंनी तिथं येणाऱ्या प्रत्येक कामगाराला एक वळण लावलं होतं... पेटी उघडली की आधी दुसऱ्या कंपन्यांचे दिवे लागलेत का बघायचं, मग आपल्या वायरीला हात, म्हणजे आपल्या हातून कुणाचा दिवा विझला तर लगेच कळेल. परवा एक नवाच माणूस आला आणि सरळ आपली वायर खुपसायला लागला. मी खिडकीतून ओरडले, "अहो, आधी शेजाऱ्यांचे दिवे बघा!"

तो दचकला. "कंपनीनं असं काही सांगितलं नाही, आजी."

"कंपनी कशाला सांगेल? या गावाची रीत आहे ती."

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, हातातली वायर खाली ठेवली, आणि बोट लावून एकेक दिवा बघू लागला.