गाडेकर सरांचा एकुलता वाचक

संगमनेरच्या स्टँडमागे माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. कोपऱ्यात मेलेल्या कीबोर्डांचा ढीग पडलाय. कुणी आणून टाकले आठवत नाही, कुणी नेतही नाही. किस्स्यांचं तसंच. त्यातले वरचे चार काढतो, सगळे आमच्या मंडळाचे.

मंडळाचं मूळ गाडेकर सर. पॉलिटेक्निकमधून रिटायर. रोज सकाळी चार स्क्रोल लांबीचं चिंतन टाकायचे म्हणून कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढले गेले. ते जिव्हारी लागलं. मग त्यांनी इंटरनेटवरून एक अजब प्रकार शोधून आणला. प्रत्येकाने आपापल्या वेबसाईटवर एक साधी टेक्स्ट फाईल ठेवायची. काळ्या स्क्रीनवर कमांड मारून तीत ओळ लिहायची. ज्याला वाचायचंय त्याचा कॉम्प्युटर येऊन वाचून जातो. लाईक नाही, फोटो नाही, अ‍ॅडमिन तर नाहीच.

"इथं कुणीही कुणाला काढू शकत नाही," सर म्हणाले.

दूध संकलन केंद्रवाले नाना म्हणाले, "पन सर, इथं हायच कोन काढायला?"

सर, नाना, जनावरांचे डॉक्टर सातपुते आणि मी. एवढंच मंडळ. सरांना एकच गोष्ट हवी होती. आपण लिहिलेलं कुणीतरी आपणहून वाचावं, बस.

*

ज्याला केंद्रच नाही अशा नेटवर्कचं आम्ही पहिलं काम काय केलं? अध्यक्ष निवडला. आपला जिल्हा आहे, चार माणसं बसली की संस्था होते आणि चहा येईपर्यंत तिच्यात फूट पडते.

सर अध्यक्ष झाले. मग उद्घाटन. माजी सदस्य म्हणून ओळख असलेले एक पाहुणे बोलावले. कशाचे माजी, ते विचारायचं राहून गेलं. त्यांनी सहकारावर दणकून भाषण केलं, एंटर दाबला आणि काळ्या पडद्याकडे बघत उभे राहिले.

"चालू कधी होनार?"

"झालंय साहेब."

"असं होय," म्हणत पाहुण्यांनी पडद्याला हार घातला आणि निघून गेले.

*

नानांचा वाढदिवस. चौकात फ्लेक्स लागलाच होता, पण मंडळातही लावायचा हट्ट. सरांनी निक्षून सांगितलं, इथे फक्त मजकूर चालतो. नाना कसले ऐकतात? त्यांनी फाईलीत ओळ लिहिली:

"फोटो. मधे मी. गॉगल हाय. मागं वाघ. खाली शुभेच्छुक."

आणि शुभेच्छुकांची नावं एकेक ओळ करून, अख्खी वाडी. आमच्या पडद्यांवर दोन दिवस दुसरं काही दिसलं नाही.

संध्याकाळी नानांचा सरांना फोन. "कसा आलाय फोटू?"

"नाना, तो मजकूर आहे."

"ते हाय वो. पन कसा आलाय?"

सरांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "वाघ चांगला आलाय."

*

डॉक्टर सातपुत्यांना अध्यक्षपदाऐवजी सचिवपद दिल्याचा राग होता. त्यांनी सरांची फाईल वाचणं गुपचूप बंद केलं. या प्रकारात ते समोरच्याला कळतही नाही. भेटले की मात्र, "सर, कालचं लई भारी."

सरांना शंका आली. एक दिवस त्यांनी फाईलीत एवढंच लिहिलं: "डॉक्टर सातपुते हे मूर्ख गृहस्थ आहेत."

दुसऱ्या दिवशी सर दुकानात बसले असताना डॉक्टर आले. "सर, कालचं चिंतन तर अगदी मनातलं बोललात. आमच्या मिसेसला पण वाचून दाखवलं."

*

त्यानंतर सर खचलेच. नाना तर फक्त स्वतःचाच फोटो वाचत. मी लॅपटॉप दुरुस्त करता करता वाचतो, म्हणजे काय वाचतो ते सरांना ठाऊक होतं.

आणि एक दिवस सर धावत दुकानात. त्यांच्या सर्व्हरवर दिसत होतं की कुणीतरी त्यांची फाईल दर पाच मिनिटांनी येऊन वाचून जातंय. सकाळ, दुपार, रविवार, पोळा, काही खाडा नाही.

"ही खरी निष्ठा," सर म्हणाले. डोळे भरले होते.

पत्ता मी ओळखला. कोल्हारच्या एका वाचनालयाचा, तिथलं कनेक्शन मीच जोडलं होतं. सरांनी शाल घेतली, नारळ घेतला, पेढे घेतले. अध्यक्षांच्या हस्ते सत्कार. लोणीमार्गे निघालो, गाडी मी चालवली. वाटेत सरांनी भाषण पाठ केलं, एका वाचकाची किंमत लाखाच्या गर्दीला नाही वगैरे.

वाचनालयाच्या बाईंनी आतल्या खोलीचं कुलूप काढलं. आत खुर्ची रिकामी. टेबलावर धूळ खात एक कॉम्प्युटर चालू, काळ्या पडद्यावर सरांची चिंतनं सरकतायत.

"वाचतं कोण?" सरांनी विचारलं.

"कुनी न्हाई," बाई म्हणाल्या. "तुमी मागं भाषनाला आल्ता, तवा दाखवाया म्हनून चालू केलं हुतं. बंद करू नये अशी चिठ्ठी पन तुमीच डकवली. आमी हात लावला न्हाई."

सर टेबलाजवळ गेले. मग त्यांनी शाल उलगडली, नीट मॉनिटरला पांघरली, नारळ कीबोर्डवर ठेवला आणि मला म्हणाले, "फोटो काढ."

संध्याकाळी सरांच्या फाईलीत ओळ आली:

"कोल्हार येथे वाचक सत्कार सोहळा उत्साहात संपन्न. सत्कारमूर्ती निःशब्द."