जुनिपरची हजामत

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला सगळे मास्तर म्हणत. गिऱ्हाइकाचं डोकं हातात आलं की मास्तर त्याचं काहीएक ऐकायचे नाहीत, स्वतःला आवडतील तसेच केस कापायचे. लोक कुरकुरत का होईना, पुन्हा तिथेच यायचे. पण सासऱ्यांपुढे मात्र या माणसाची बोबडी वळायची.

सासरे घड्याळं दुरुस्त करत. खवल्यांसारख्या बारीक पानांचं, हातभर उंचीचं जुनिपरचं बोन्साय त्यांनी निम्मं आयुष्य खर्चून वाढवलं होतं. नजर अधू झाली, तेव्हा जावयाची बोटं हलकी म्हणून त्यांनी झाड मास्तरांकडे सोपवलं. शेंडा दाट होऊ द्यायचा नाही, पण त्याच्यावरून कात्री फिरवायची नाही, बोटांनी खुडायचं, असं बजावलं. नाही जमलं तर परत घेऊन जाईन, हेही सांगून ठेवलं.

मास्तरांनी मान डोलावली आणि झाडाला नुसतं पाणी घालत राहिले. सासरे येणार असं कळल्यावर त्यांनी शेंड्याकडे नीट पाहिलं, तर वर नुसतं जंगल. हात शिवशिवले. झाड खुर्चीवर ठेवलं, दांडा दाबून खुर्ची वर घेतली, कुंडीभोवती कापड गुंडाळलं आणि कंगवा धरून वरून सपाट कट मारला. बायकोही म्हणाली, झकास दिसतंय.

दोन-चार दिवसांत कापलेलं टोक न् टोक करपून तपकिरी झालं. लग्नापासून सासऱ्यांनी विश्वासाने हातात दिलेली ही पहिलीच गोष्ट, आणि तीच आता परत जाणार. फळीवर कॉलेजच्या पोरांसाठी आणलेला हिरवा हेअर कलर होता. म्हाताऱ्याला कुठे नीट दिसतंय, असं म्हणत मास्तर बारीक ब्रश घेऊन बसले आणि एकेक टोक रंगवून काढलं.

सासरे आले. त्यांनी शेंड्यावरून हळूच बोटं फिरवली, मग नाक जवळ नेलं.

"जावईबापू, झाडाला केसांच्या रंगाचा वास कसा काय येतोय?"

बायको हसू दाबत आत पळाली. मास्तरांनी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं.

सासरे रागावले नाहीत. शेजारच्या खुर्चीत बसले आणि करपलेली टोकं एकेक करून खुडायला लावली. म्हाताऱ्या झाडाचं डोकं गोल हवं आणि विरळ हवं, अगदी माझ्यासारखं, म्हणजे खालच्या फांद्यांना ऊन लागतं, म्हणाले. मधोमध खड्डा पडला, तिथे बाजूची कोवळी फांदी तांब्याच्या तारेने उभी करवून घेतली. तोच आता नवा शेंडा.

संध्याकाळी मास्तरांनी कुंडी पुसून खोक्यात ठेवली. गाडीत नेऊन ठेवू का, असं त्यांनी विचारलं. फार वाईट वाटत होतं.

"झाड राहू दे इथेच," सासरे म्हणाले. "मला वाटत होतं, तुमच्याकडे धीर नाही. पण ज्याला इतकी टोकं एकेक करून रंगवता येतात, त्याला ती खुडताही येतील."

मास्तरांनी सासऱ्यांचा हात धरला.

"रंगाची बाटली मात्र मी घेऊन जातो," म्हणत सासऱ्यांनी दुसरा हात फळीकडे नेला.